कंपॅरेटरच्या पोटातले नोड : प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२४

लेआउटनंतरचं (चिपवरच्या पट्ट्यांचा नकाशा काढल्यानंतरचं) पहिलं सिम्युलेशन आज चाललं आणि कंपॅरेटरने, म्हणजे दोन इनपुटांपैकी कुठलं वर ते सांगणाऱ्या सर्किटने, निकाल उलटा दिला. दोन इनपुटांत २ मिलिव्होल्टचा फरक, व्हीआयएनपी हे इनपुट व्हीआयएनएनपेक्षा वर. स्केमॅटिकच्या (सर्किटच्या आकृतीच्या) नेटलिस्टवर, म्हणजे काय कशाला जोडलंय त्या यादीवर, याच टेस्टबेंचमध्ये आउटपुट दर वेळी बरोबर बाजूला पडतं. लेआउटमधून एक्स्ट्रॅक्ट केलेली नेटलिस्ट लावली की दुसऱ्या बाजूला. फरक ४ मिलिव्होल्ट केला की पुन्हा सुलट. अर्धा-अर्धा करत गेले, सीमा ३ मिलिव्होल्टच्या आसपास निघाली. म्हणजे लेआउटने ३ मिलिव्होल्टचा ऑफसेट (तुलनेतली कायमची चूक) घातलाय.

पुढे कुणी वाचलं तर कळावं म्हणून मांडणी लिहून ठेवते. स्कायवॉटरची १३० नॅनोमीटरची प्रोसेस, गूगलबरोबर २०२० साली खुली केलेली ती एसकेवाय१३०. सप्लाय १.८ व्होल्ट. स्केमॅटिक एक्सस्कीममध्ये, लेआउट मॅजिकमध्ये, सिम्युलेशन एनजीस्पाइसमध्ये. सर्किट म्हणजे स्ट्राँगआर्म लॅच. हे नाव डीईसी कंपनीच्या स्ट्राँगआर्म प्रोसेसरवरून पडलं. नोड, कमांड आणि लेबलांची नावं मी इथे उच्चारतो तशी लिहितेय, फाइलमध्ये ती रोमनमध्ये आहेत.

या लॅचमध्ये निवाडा आउटपुटवर होत नाही. क्लॉक खाली असताना इनपुट जोडीचे दोन ड्रेन (ट्रान्झिस्टरांची वरची टोकं; खालची ती सोर्स, इनपुट लागतं ते गेट), म्हणजे पी आणि क्यू हे नोड (जोडबिंदू), १.८ व्होल्टपर्यंत भरलेले असतात. क्लॉक वर गेला की खालचा टेल ट्रान्झिस्टर चालू होतो आणि दोन्ही नोड खाली यायला लागतात. ज्या बाजूचं इनपुट वर, त्या बाजूचा करंट जास्त, तो नोड आधी उतरतो. थ्रेशोल्डइतकं (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागतं तेवढं व्होल्टेज) उतरलं की वरची क्रॉस-कपल्ड जोडी जागी होते आणि जो फरक तयार झाला असेल तोच ताणून १.८ व्होल्टचा करते. सगळा खेळ पहिल्या शंभरेक पिकोसेकंदांत, पी आणि क्यूवर. मी मात्र आउटपुटकडे बघत बसले होते. पोटात बघायला हवं.

४ जुलै

स्केमॅटिकच्या टेस्टबेंचमध्ये सेव्हची ओळ (कुठले नोड साठवायचे ते सांगणारी) होती : एक्स१ टिंब पी, एक्स१ टिंब क्यू. एनजीस्पाइसमध्ये सबसर्किटच्या (मोठ्या सर्किटात वापरलेल्या छोट्या सर्किटच्या) आतला नोड असाच मागायचा, आधी इन्स्टन्सचं, म्हणजे त्या वापरलेल्या प्रतीचं नाव, मग टिंब, मग नोड. तीच ओळ एक्स्ट्रॅक्ट केलेल्या नेटलिस्टसाठी ठेवली तर असा व्हेक्टरच (साठवलेल्या आकड्यांची मालिका) नाही म्हणाला. डिस्प्ले कमांडने सगळी यादी काढली. पी नाही, क्यू नाही.

मग नेटलिस्ट सरळ एडिटरमध्ये उघडली. हे मी कालच करायला हवं होतं. सबसर्किटच्या ओळीत पोर्टांची (बाहेर जोडायच्या पिनांची) नावं नीट आहेत कारण ती लेआउटमध्ये लिहिलेली होती. खाली एक्स०, एक्स१, एक्स२ अशा ट्रान्झिस्टरच्या ओळी, आणि नोडच्या जागी ‘ए_एन२१०_३४०#’ असली नावं. शेवटचा हॅश म्हणजे हे नाव माणसाने दिलेलं नाही, मॅजिकने स्वतः घातलंय. सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे अॅक्टिव्ह प्लेन, ‘एन’ म्हणजे उणे, आणि पुढचे दोन आकडे म्हणजे लेआउटमधले एक्स-वाय को-ऑर्डिनेट. नाव कसलं, घरपत्ताच आहे तो. स्केमॅटिकमध्ये मी पी म्हटलेलं लेआउटला ठाऊकच नाही. एलव्हीएस (लेआउट आणि स्केमॅटिक जुळतात का ही तपासणी) जुळलं होतं, पण ती करणारा नेटजेन जोडणी ताडून बघतो, आतल्या नोडची नावं वेगळी असली तरी त्याची तक्रार नसते. ‘एलव्हीएस क्लीन आहे म्हणजे नोड असतीलच’ हे माझं गृहीतक तिथेच चुकलं.

शोध जोडणीवरूनच घ्यावा लागला. ज्या ओळींत गेट व्हीआयएनपी आहे त्या सगळ्या काढल्या. चार फिंगर (एकाच ट्रान्झिस्टरचे समांतर तुकडे), म्हणून चार ओळी. त्यातला ड्रेन कुठला आणि सोर्स कुठला हे नेटलिस्टवरून कळत नाही. मॉसफेटची (या जातीच्या ट्रान्झिस्टरची) ही दोन्ही टोकं सारखीच, एक्स्ट्रॅक्टर ती कुठल्याही क्रमाने लिहितो. काही ओळींत उलटी होतीही. खूण एकच : दोन टोकांपैकी जो नोड व्हीआयएनएनच्या ओळींतही येतो तो टेलचा. उरलेला पी. दुसऱ्या बाजूने तसाच क्यू.

खात्रीसाठी मॅजिकमध्ये गोटू कमांडला ते हॅशवालं नाव दिलं. बॉक्स बरोबर डाव्या बाजूच्या ड्रेनवर जाऊन बसला. उलटंही करता येतं : लेआउटमधली पट्टी निवडायची आणि गेटनोड म्हणायचं, नेटलिस्टमधलं नाव छापून येतं. या दोन कमांड आधी माहीत असत्या तर दुपार वाचली असती.

संध्याकाळी दोन्ही नोड प्लॉट केले. पी आधी उतरायला हवा, क्यू आधी उतरतोय.

६ जुलै

इनपुटची एक पट्टी थोडी सरकवली, डीआरसीची (लेआउटचे नियम तपासण्यातली) एक चूक होती म्हणून. परत एक्स्ट्रॅक्ट केलं, सिम्युलेशन लावलं, आणि परवाची सेव्ह ओळ मेली. पट्टीबरोबर लेआउटचा मूळ बिंदूही हलला होता, को-ऑर्डिनेट बदलले, म्हणून नावं बदलली.

ज्युनिअर म्हणाला, “ताई, स्क्रिप्ट लिहू या, नेटलिस्ट वाचून पी आपोआप शोधेल.” लिहिता येईल. पण लेआउट बदलला की स्क्रिप्टवर विसंबायचं, आणि तिने चुकीचा नोड उचलला तर कळायचंही नाही. जे नाव आपल्याला पुढे लागणार ते लेआउटमध्येच लिहून ठेवायचं, हेच मला पटतंय.

८ जुलै

लेबलं लावली. पीचं ‘डी_पी’, क्यूचं ‘डी_क्यू’, टेलच्या नोडचं ‘एस_टेल’. पोर्ट केली नाहीत. पोर्ट केलं असतं तर सबसर्किटच्या ओळीत तीन पिन वाढल्या असत्या, सिम्बॉलशी क्रम जुळवावा लागला असता, एलव्हीएसही बिघडलं असतं. नुसतं लेबल नोडला नाव देतं आणि बाहेरच्या जगाला हात लावत नाही. सिम्युलेटरला आत बघायला पिन लागतही नाही.

तीन गोष्टींवर वेळ गेला.

लेबल ज्या लेयरवर लावलं तिथे खरंच तो लेयर असायला हवा. ‘एस_टेल’ मी मेटल-१ वर लावलं, पण तिथे खाली फक्त लोकल इंटरकनेक्ट (मेटल-१ च्या खालचा जोडणीचा लेयर) होता. दिसायला लेबल पट्टीच्या मधोमध, नेटलिस्टमध्ये मात्र टेलचं नाव हॅशवालंच.

एकाच नोडवर दोन लेबलं असली की नेटलिस्टमध्ये एकच नाव उरतं. कुठलं उरेल यावर विसंबू नये, दुसरं पुसून टाकावं.

तिसरी गोष्ट घातक. एकाच सेलमध्ये दोन वेगळ्या तुकड्यांवर सारखंच लेबल पडलं तर ते दोन तुकडे नावाने जोडलेले धरले जातात. कॉपी करताना उजव्या बाजूलाही ‘डी_पी’ राहिलं होतं. नेटलिस्टमध्ये पी आणि क्यू एकच नोड! यावर एक्स्ट्रॅक्टच्या आधी एक्स्ट्रॅक्ट युनिक चालवायचं. ते सारख्या नावाच्या तुकड्यांना ‘यूक्यू’चं शेपूट लावून वेगळं करतं. शेपूट दिसलं की तिथे जाऊन बघायचं. एखादी पट्टी खरोखर तुटलेली असेल तर तीही अशीच सापडते.

१० जुलै

आज दिवसभर ऑफसेट शून्य येत होता. आनंद झाला होता. मग नेटलिस्टमध्ये कपॅसिटरची एकही ओळ नाही हे दिसलं.

कारण माझ्या स्क्रिप्टमधला क्रम. एक्स्ट-टू-स्पाइस एलव्हीएस ही मॅजिकची नेटलिस्ट लिहिण्याची कमांड एकदम बऱ्याच सेटिंग लावते, त्यात कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्सची मर्यादा अनंत करते, म्हणजे एकही पॅरासिटिक (पट्ट्यांमुळे आपसूक आलेला कपॅसिटन्स किंवा रेझिस्टन्स) लिहू नको. एलव्हीएससाठी तेच हवं असतं. सिम्युलेशनसाठी त्यानंतर सी-थ्रेश (कपॅसिटन्सची मर्यादा) शून्य अशी ओळ द्यावी लागते. माझ्या फाइलमध्ये ती ओळ आधी होती, एलव्हीएसची नंतर, म्हणून पुसली गेली. आता स्क्रिप्टच्या शेवटी कपॅसिटरच्या ओळी मोजून आकडा छापायला लावलाय. शून्य आला तर पुढे जायचंच नाही.

१२ जुलै

आता नावं स्थिर आहेत, त्यामुळे हिशोब मांडता आला. ‘डी_पी’ ज्या कपॅसिटरच्या ओळींत आहे त्यांची बेरीज ४.३ फेम्टोफॅरड. ‘डी_क्यू’ची ३.९. फरक ०.४. ट्रान्झिस्टरच्या जंक्शनचा आणि गेटचा वाटा धरून एका बाजूला एकूण साधारण १० फेम्टोफॅरड. म्हणजे चार टक्के.

नोड उतरण्याचा वेग करंट भागिले कपॅसिटन्स. कपॅसिटन्स चार टक्के जास्त म्हणजे करंट चार टक्के कमी असल्यासारखंच. इनपुटवर त्याची किंमत किती, तर करंट भागिले जीएम (इनपुट बदललं की करंट किती बदलतो ते) गुणिले चार टक्के. ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या वरचं गेटचं व्होल्टेज) १५० मिलिव्होल्टच्या आसपास आहे, तेव्हा करंट भागिले जीएम त्याच्या निम्मं, ७५ मिलिव्होल्ट. त्याचे चार टक्के ३ मिलिव्होल्ट. पहिल्या दिवशी हाच आकडा निघाला होता. कागदावर हे उतरलं तेव्हा फार बरं वाटलं. ०.४ फेम्टोफॅरड ही काही मोठी गोष्ट वाटत नाही, पण या दोन नोडांवर तेवढं पुरतं.

०.४ कुणाशी, हे महत्त्वाचं. आधी क्लॉकच्या ओळी तपासल्या, कारण तिथे असता तर प्रकरण जास्त वाईट होतं : क्लॉक १.८ व्होल्ट वर उडी घेतो, १.८ गुणिले ०.४ भागिले १०, म्हणजे ७२ मिलिव्होल्टची उसळी फक्त एका बाजूला. क्लॉकशी दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. फरक सगळा ग्राउंडशी. डाव्या बाजूला गार्ड रिंगची (सर्किटभोवतीच्या संरक्षक कड्याची) मेटल-१ पट्टी ‘डी_पी’च्या अंगाला लागून जाते, उजवीकडे ती जागा मोकळी आहे. उजवीकडेही तशीच पट्टी तेवढ्याच अंतरावर टाकली. बेरजा जुळल्या, २ मिलिव्होल्टला निकाल सरळ.

१७ जुलै

आषाढी, लॅब बंद. घरून रेझिस्टन्सचं एक्स्ट्रॅक्शन वाचत बसले.

१९ जुलै

मॅजिकची एक्स्टरेझिस्ट कमांड लावून आरसी (रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स दोन्ही असलेली) नेटलिस्ट काढली. ऑफसेट परत आला, अडीच मिलिव्होल्ट. आणि ‘एक्स१ टिंब एस_टेल’ परत सापडेना.

या वेळी नाव हरवलेलं नाही, नोडच एक राहिलेला नाही. रेझिस्टन्स मोजायचा म्हणजे पट्टीचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला नवा नोड. ‘एस_टेल’ची आता ‘एस_टेल.टी०’, ‘एस_टेल.टी१’, ‘एस_टेल.एन०’, ‘एस_टेल.एन१’ अशी रांग झालीय. ‘टी’ म्हणजे ट्रान्झिस्टरचं टोक जिथे लागतं ते, ‘एन’ म्हणजे पट्टीतला मधला जोड. मधे रेझिस्टरच्या ओळी. प्रत्येक नेट असं फुटत नाही. ज्याचा रेझिस्टन्स किरकोळ ठरतो ते अखंडच राहतं. म्हणून एकाच नेटलिस्टमध्ये ‘डी_पी’ जुन्या नावाने मिळाला आणि ‘एस_टेल’ फुटलेला. सेव्हची यादी आंधळेपणाने उचलून चालत नाही, दर वेळी डिस्प्लेची यादी आधी बघायची.

यासाठी लेआउट फ्लॅटन केला होता (सगळे सेल एकाच पातळीवर आणले होते), त्याचा एक परिणाम : आतल्या सेलमधली लेबलं ‘सेल/लेबल’ अशी तिरक्या रेघेने आली. प्लॉटमध्ये एनजीस्पाइस ती रेघ भागाकार समजतो. नाव दुहेरी अवतरणात घातलं की चालतं. मी मात्र लागणारी लेबलं सगळ्यात वरच्या सेलमध्येच हलवली.

ज्युनिअरला वाटलं की सगळंच सेव्ह करावं, निवडत कशाला बसायचं. माझ्या कंपॅरेटरला चालेल. त्याच्या सार एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटच्या) ब्लॉकमध्ये आरसीनंतर चार हजारांच्या घरात नोड आहेत. वीस हजार टाइम पॉइंट, प्रत्येक आकड्याला ८ बाइट : एका रनची फाइल ६४० मेगाबाइट. कॉर्नर (प्रोसेस, तापमान वगैरेंच्या टोकाच्या स्थिती) पंधरा. त्याला हे गणित फळ्यावर करून दाखवलं, तो निमूट यादी लिहायला बसला.

२२ जुलै

मॅडमना आरसी नेटलिस्ट दाखवली. त्यांनी बरीच वर्षं इंडस्ट्रीत काढली आहेत. म्हणाल्या, “अगं, सगळीकडे हेच आहे. डीएसपीएफ उघडून बघ कधी.” डीएसपीएफ म्हणजे पॅरासिटिकसकट नेटलिस्ट लिहिण्याची इंडस्ट्रीतली पद्धत. मग त्यांनी स्वतःच तसली एक जुनी फाइल उघडली. प्रत्येक नेटचा एक मथळा, त्याखाली इन्स्टन्सच्या पिनांची आणि मधल्या सबनोडांची यादी, आणि सबनोडचं नाव म्हणजे नेटचं नाव, मग कोलन (:), मग क्रमांक. खूण वेगळी, गोष्ट तीच. इन्स्टन्सच्या पिनांच्या ओळी तिथे एक्स-वाय को-ऑर्डिनेटसकट असू शकतात, त्यामुळे कुठला सबनोड कुठल्या ट्रान्झिस्टरपाशी आहे ते वाचूनच कळतं. आपल्याला ते रेझिस्टरच्या ओळींवरून चालत जाऊन काढावं लागतं.

त्यांनी एक गोष्ट बजावली : आरसी रिडक्शन (नेटलिस्ट आटोपशीर करणं) चालू असेल तर छोट्या टाइम कॉन्स्टंटचे मधले नोड गाळले जातात. काल बघितलेला सबनोड आज नसेल. म्हणून बघायचं ते नेहमी ट्रान्झिस्टरच्या टोकाला, मधल्या जोडावर नाही. टोक शिल्लक राहतंच, कारण तिथे ट्रान्झिस्टर लागलेला असतो.

२४ जुलै

सापडलं. सगळ्या महिन्यातला हा दिवस मला लक्षात राहील.

‘एस_टेल’च्या ‘टी’ नोडांपैकी व्हीआयएनपीच्या ट्रान्झिस्टरच्या सोर्सला लागणारा एक घेतला, व्हीआयएनएनच्या सोर्सला लागणारा दुसरा, आणि दोघांची वजाबाकी प्लॉट केली. क्लॉक वर गेला आणि वजाबाकी अडीच मिलिव्होल्टवर जाऊन थांबली, निवाडा होईपर्यंत तिथेच. व्हीआयएनपीचा सोर्स वर. नुसत्या कपॅसिटन्सच्या नेटलिस्टमध्ये ही दोन टोकं एकाच नोडची होती, तिथे हा फरक असणंच शक्य नव्हतं. स्केमॅटिकमध्ये तर मी ती एकच रेघ काढली आहे.

कारण लेआउटमध्ये उघड दिसतं, आता दिसतं. दोन्ही सोर्सपासून टेलच्या ड्रेनपर्यंत मी लोकल इंटरकनेक्टने गेले होते. डाव्या बाजूची पट्टी वळसा घालून येते, उजवीपेक्षा चार चौकोन लांब (पट्टीच्या रुंदीएवढी लांबी म्हणजे एक चौकोन). एसकेवाय१३० मध्ये लोकल इंटरकनेक्टचा शीट रेझिस्टन्स १२.८ ओहम प्रति चौकोन, मेटल-१ चा ०.१२५. शंभरपट फरक. चार चौकोन म्हणजे ५१ ओहम. त्यातून ५० मायक्रोअँपिअर, म्हणजे २.६ मिलिव्होल्ट. तेवढा व्हीजीएस (गेट आणि सोर्समधलं व्होल्टेज) कमी पडतो, तोच ऑफसेट.

करंटचा ५० हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही, ट्रान्झिस्टरच्या आतून वाचला. त्यासाठी अॅटचं चिन्ह लावून पूर्ण वाट द्यावी लागते, शेवटी चौकटी कंसात आयडी (ड्रेनचा करंट). एसकेवाय१३० चा प्रत्येक ट्रान्झिस्टर स्वतःच एक सबसर्किट आहे आणि खरा मॉसफेट त्याच्या आत, म्हणून वाटेत मॉडेलच्या नावाची एक पायरी जास्त. ही सेव्ह ओळ रनच्या आधी द्यावी लागते, नोडच्या व्होल्टेजसारखी आपोआप साठत नाही. आणि एक्स७, एक्स८ हे क्रमांक पुढच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये बदलू शकतात. ट्रान्झिस्टरला नोडसारखं लेबल लावून मी हे सोडवू शकले नाही. गेट आणि ड्रेनच्या लेबलांवरून ओळ शोधते, एवढंच.

मला वाटलं होतं रेझिस्टन्स म्हणजे उशीर. ५१ ओहम गुणिले १० फेम्टोफॅरड काढून बघितलं : अर्धा पिकोसेकंद. तेवढ्यावर मी आरसी एक्स्ट्रॅक्शन सोडून दिलं असतं. उशीर नगण्यच आहे, पण करंट वाहतो तिथे व्होल्टेज पडतं, आणि सोर्सच्या वाटेत पडलेलं व्होल्टेज थेट इनपुटमधून वजा होतं.

२९ जुलै

दोन्ही सोर्स मेटल-१ वर घेतले, टेलच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना आरशासारखे. लोकल इंटरकनेक्ट ते मेटल-१ चा एक कॉन्टॅक्ट ९.३ ओहमचा, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन समांतर, मोजून सारखे. डीआरसी, एलव्हीएस नीट. एक्स्ट्रॅक्ट युनिकने एकही शेपूट लावलं नाही. कपॅसिटरच्या ओळींचा आकडा शून्य नाही.

आरसी नेटलिस्टवर सोर्सांची वजाबाकी आता प्लॉटच्या रेघेत विरून जाते. १ मिलिव्होल्टला निकाल सरळ, दोन्ही दिशांनी.

लेबलांची यादी वाढवून सहा केली : दोन ड्रेन, टेल, टेलच्या गेटवरचा क्लॉक, आणि लॅचचे दोन आतले नोड. तीच सहा नावं स्केमॅटिकमध्येही दिली, म्हणजे एकच सेव्ह यादी दोन्ही नेटलिस्टला लागते. आरसीमध्ये फुटलेल्यांची ‘टी’ टोकं तेवढी वेगळ्या फाइलमध्ये. मॅडमना फाइल पाठवली. ज्युनिअर त्याच्या कपॅसिटर अॅरेच्या वरच्या प्लेटवर लेबल लावत बसलाय, मॅजिकमध्ये लेयर दोनदा तपासून.

रात्री एसएस कॉर्नर (दोन्ही जातींचे ट्रान्झिस्टर मंद), उणे ४० अंश, आरसी नेटलिस्टसह लावून निघाले.

३० जुलै

एसएस, उणे ४० : २ मिलिव्होल्टला निकाल सरळ. ‘डी_पी’ आधी उतरतो.